पावसाचा छेद घेणारा रस्ता

भूगोलाच्या पुस्तकात एखाद्या प्रदेशाचा उभा छेद दिलेला असतो. डावीकडे समुद्र, मध्ये डोंगर, उजवीकडे पठार, आणि वर ढगांतून पडणाऱ्या पावसाच्या तिरप्या रेघा. मुले ही आकृती परीक्षेपुरती काढतात आणि विसरतात. असा छेद प्रत्यक्ष मोटारीत बसून पार करायचा असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला असलेले टास्मानिया हे बेट फार सोयीचे आहे. मुख्य भूमीपासून ते सुमारे 240 कि.मी. दूर आहे आणि आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा भरेल. राजधानी होबार्टहून निघायचे, पूर्व किनाऱ्याने वर जायचे, लॉन्सेस्टनवरून मधल्या डोंगरांत शिरायचे, पश्चिम किनारा गाठायचा आणि पुन्हा होबार्टला यायचे, अशा सहा-सात दिवसांच्या सहली तेथे मार्गदर्शकासह निघतात. प्रवाशांना अरण्य आणि समुद्र दाखवणे हा त्यांचा हेतू. आपण त्याच रस्त्याने पाऊस आणि खडक वाचत जाऊ या.

प्रथम वारा. टास्मानिया 40 ते 44 अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान येते. येथून पश्चिमेकडे नकाशावर बोट सरकवले, तर आफ्रिकेच्या दक्षिणेकडून ते थेट दक्षिण अमेरिकेला जाऊन टेकते. मध्ये अडवायला जमीन नाही. 'गरजणारे चाळीस' म्हणून आपण शिकवतो ते पश्चिमी वारे हेच. हजारो कि.मी. समुद्रावरून बाष्प गोळा करून आलेला हा वारा पश्चिमेच्या डोंगरांवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. पश्चिमेकडील क्वीन्सटाऊनला वर्षाला सुमारे 240 से.मी. पाऊस पडतो, तर होबार्टला जेमतेम 60 से.मी., म्हणजे पुण्याहूनही कमी. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या क्रमाने पाऊस कसा उतरतो हे आपल्या मुलांना ठाऊक असते. येथे तत्त्व तेच. फरक इतकाच की आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि तेथला बाराही महिने येतो.

आता खडक. होबार्टच्या डोक्यावर उभ्या असलेल्या 1271 मी. उंचीच्या माउंट वेलिंग्टनच्या (मूळ नाव कुनान्यी) कड्यावर आणि पुढे टास्मान द्वीपकल्पाच्या समुद्रकड्यांवर उंच दगडी खांबांच्या रांगा दिसतात. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या ओळखीच्या वाटतील. दोन्हीकडे तप्त शिलारस थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगा आत आत जात खांब सुटे झाले. मात्र दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिला, तर टास्मानियातील शिलारस सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी गाळाच्या थरांमध्ये शिरून तेथेच अडकला. पांघरुणाखाली तो सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक बेसॉल्टपेक्षा मोठे आहेत. या खडकाला डोलेराइट म्हणतात. वरचे पांघरूण पुढे झिजून गेले आणि तो उघडा पडला. असाच डोलेराइट अंटार्क्टिकातही सापडतो, कारण त्या वेळी हे दोन्ही भूभाग एकमेकांना चिकटलेले होते.

हे खांब वर्गातही तयार करता येतात. कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून काचेच्या पेल्यात भरावे आणि काही दिवस बल्बच्या उष्णतेखाली वाळू द्यावे. वडी फोडली की आत बारीक उभे खांब दिसतात. येथे आकसणे थंड होण्याने नव्हे, वाळण्याने घडते, हे मुलांना सांगायला विसरू नये.

पूर्व किनाऱ्यावर खडक बदलतो. फ्रेसिने द्वीपकल्पाचे डोंगर गुलाबी ग्रॅनाइटचे आहेत; गुलाबीपणा त्यातील फेल्डस्पार या खनिजाचा. उत्तरेला 'बे ऑफ फायर्स' येथे किनाऱ्याचे खडक चक्क नारिंगी दिसतात. हा रंग खडकाचा आहे असे पुष्कळ प्रवासी समजतात. प्रत्यक्षात ते दगडफूल आहे, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे नातेवाईक. उपसागराच्या नावाचाही त्या रंगाशी संबंध नाही. 1773 मध्ये टोबायस फर्नो या दर्यावर्दीला किनाऱ्यावर मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगी दिसल्या, म्हणून हे नाव पडले. या आगी लक्षात ठेवू, त्या पुढे पुन्हा भेटणार आहेत.

लॉन्सेस्टनवरून क्रेडल माउंटनकडे वळले की हवा एकदम ओली होते. गवतात वोम्बॅट चरताना दिसतात आणि त्यांची घनाकृती लेंडी वाटेवर पडलेली असते. आतड्याच्या भिंतीचा ताठरपणा सर्वत्र सारखा नसल्यामुळे तिला कोपरे येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. प्रवाशांचे सर्वाधिक फोटो बहुधा याच वस्तूचे निघत असावेत! पण येथे खरे पाहण्यासारखे आहेत ते वृक्ष. एप्रिलच्या अखेरीस फॅगस नावाच्या खुज्या झाडाची पाने सोनेरी होऊन गळतात. त्याचे भाऊबंद न्यूझीलंडमध्ये व दक्षिण अमेरिकेत आहेत. तळ्यांच्या काठी पेन्सिल पाइन उभे असतात. त्यांची वाढ अत्यंत मंद, आणि काही झाडे हजार वर्षांहूनही जुनी. निलगिरीचे झाड जळाले तरी त्याला पुन्हा धुमारे फुटतात. पेन्सिल पाइनला तशी सोय नाही. इतक्या ओल्या जागी आगीची तयारी ठेवण्याची त्याला गरजच पडली नव्हती.

ती पडली 2016 च्या जानेवारीत. आधीचे काही महिने पाऊस फार कमी झाला होता. जमिनीवरचा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, स्पंजासारखा ओला असायचा तो सुकला. पावसाविना विजा पडल्या, ठिकठिकाणी आगी लागल्या आणि मध्य पठारावरचे शेकडो वर्षांचे पेन्सिल पाइन जळून गेले. त्याच पावसाच्या तुटीने धरणेही आटली. टास्मानियाची बहुतांश वीज पाण्यापासून होते. मुख्य भूमीशी जोडणारी समुद्राखालची वीजवाहिनी डिसेंबर 2015 मध्ये नेमकी बंद पडली होती. जलाशयांतला साठा 13 टक्क्यांच्याही खाली गेला आणि डिझेलवर वीज करावी लागली. पाइनची मुळे आणि जनित्राची पाती एकाच पावसावर जगतात, हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

क्वीन्सटाऊनमध्ये पावसाचे दुसरे रूप दिसते. 1896 पासून येथे तांबे गाळले जाऊ लागले. भट्ट्यांसाठी झाडे तोडली, गंधकाच्या धुराने उरलेली मेली, आणि वर्षाच्या 240 से.मी. पावसाने उघडी माती धुऊन नेली. भट्ट्या थांबून अनेक दशके लोटली, तरी काही डोंगर अद्याप बोडके आहेत. जवळच्या स्ट्राहन बंदरातून गॉर्डन नदीत जाता येते. तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. तो मळ नव्हे. बटनग्रास नावाच्या गवताच्या माळांवरून झिरपताना पाण्यात टॅनिन उतरते. हे माळही सर्वस्वी निसर्गाचे नाहीत. मूळ रहिवासी हजारो वर्षे ठराविक काळाने गवत पेटवत आले, म्हणूनच अनेक ठिकाणी जंगलाने माळ गिळला नाही. ज्या फ्रँकलिन नदीला 'निर्मनुष्य अरण्य' म्हणून वाखाणले जाते, तिच्या काठच्या कुटिकिना गुहेत हिमयुगातील माणसांची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही गुहा आज पाण्याखाली नाही, कारण खालच्या गॉर्डन नदीवरचे नियोजित धरण 1 जुलै 1983 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबले. चार विरुद्ध तीन मतांनी!

क्वीन्सटाऊन ते होबार्ट या 260 कि.मी. रस्त्यावर अखेर आपला छेद पुरा होतो. आधी दाट वर्षावन, मग फ्रँकलिनवरचा पूल, मग बटनग्रास, मग उंच निलगिरी. टाराले येथे उतारावरून खाली जाणारे जाडजूड नळ दिसतात. 1938 पासून ते पश्चिमेचे पाणी वीजघरात सोडत आहेत. पुढे मेंढ्यांची पिवळी कुरणे लागतात. येथे पाऊस इतका कमी की डांबरावरून वाहून कडेला जिरणाऱ्या पाण्यानेही फरक पडतो आणि रस्त्यालगतची हिरवी पट्टी तेवढी उठून दिसते. संध्याकाळी वॉलबी तेथे चरायला येतात आणि गाड्यांखाली सापडतात. त्यांचे मांस खायला टास्मानियन डेव्हिल येतो. तो काळा, रस्ताही काळा. चालकाला तो दिसतच नाही. चाव्यांतून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग या प्राण्यात 1996 मध्ये प्रथम आढळला आणि त्याने त्यांची संख्या आधीच फार घटवली आहे. म्हणून जाणता मार्गदर्शक शेवटच्या दिवशी दुपारचे जेवण लवकर आटोपतो आणि दिवस मावळण्यापूर्वी गाडी होबार्टला पोचवतो.