रायडिंग जॅकेट शिवून घेताय? माप गाडीवर बसूनच द्या

कोल्हापूर : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत रोज दुचाकीनं ये-जा करणारे बरेच आहेत. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यात रात्रपाळी. अशा वेळी गाडी घसरली तर साधा शर्ट क्षणात फाटतो.

रायडिंग जॅकेट मापानं शिवून मिळतं. पण माप उभं राहून दिलं तर फसगत होते. हात हँडलकडं गेले की बाह्या वर सरकतात, कोपराचं पॅड जागेवरून हलतं आणि पडल्यावर मार थेट हाडाला बसतो. म्हणून गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून माप द्यावं.

चपलेचं कडक चामडं जॅकेटला चालत नाही. मऊ, पण साधारण 1.2 मिलिमीटर जाडीचं लागतं. खांदा-कोपरावर दुहेरी थर, दुहेरी शिवण हवी. पॅडवर ‘ईएन 1621’ छापलेलं बघावं. नुसता फोम कामाचा नाही.

हेल्मेट मात्र आयएसआय शिक्क्याचंच घ्यावं. 1 जून 2021 पासून बिगर आयएसआय हेल्मेट विकायला बंदी आहे.

पैसे कमी असतील तर आधी हेल्मेट, मग हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. जॅकेट त्यानंतर. आणि हेल्मेटचा पट्टा न चुकता बांधा.