आजीची वेळ कोण ओळखणार?

बीदर-कलबुर्गीकडे आपण घरात मराठी बोलतो, दवाखान्यात कन्नड. "आजी जेवत नाही," एवढंच आपण नर्सला सांगतो. पण झोप वाढलीय, गिळताना ठसका लागतो, पाय गार पडतात, हे सगळं मिळून काय सांगतंय ते ओळखायला शिकवावंच लागतं.

त्यासाठी बऱ्याच देशांत डॉक्टर-नर्स स्वतःला एक साधा प्रश्न विचारतात: 'हा पेशंट वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का?' उत्तर 'नाही' आलं, की घरच्यांशी बोलायला घ्यायचं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हा प्रश्न अलर्टसारखा वाटतो. तो निदान करत नाही, वेळेवर जागं करतो.

सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये तसा आदेश काढला. पण वॉर्डात वेळ कुणी ओळखलीच नाही, तर हा हक्क कागदावरच राहणार. बीदर आणि कलबुर्गी, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे हे शिकवताना आजीचे मराठी शब्दही शिकवावेत.

आणि आपण डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. वेळेत कळलं, तर आयसीयू की घर, हे आजीलाच ठरवता येईल.