एकशे ब्याण्णव मतांचा हिशेब

परवा काट्यावर गाड्यांची रांग लागली होती. नंबर यायला अवकाश, म्हणून गप्पा निवडणुकीवर गेल्या. एक सभासद म्हणाले, "आपल्या एका मतानं काय होतंय? निवडून यायचा तो येतोच." मंडळी हसली. आम्हाला मात्र त्या वेळी सांगोल्याचे आबा आठवले.

गणपतराव देशमुख हे नाव आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही? जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, शिक्षण वकिलीचे, कर्मभूमी सांगोला. पक्ष शेतकरी कामगार पक्ष. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काढलेला. आबा १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेवर गेले, १९६७ ला पुन्हा गेले. त्यानंतर १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण अकरा वेळा. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. महाराष्ट्राच्या विधानसभेवर इतक्या वेळा दुसरे कोणी निवडून आलेले नाही.

वरची यादी नीट वाचली तर तीत दोन खड्डे दिसतील. १९७२ साली आबा पडले. दुष्काळाचे ते वर्ष. पण दोनच वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, त्याच मतदारांनी त्यांना परत निवडून दिले. दुसरा खड्डा १९९५ चा. त्या वेळी शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवले, तेही अवघ्या १९२ मतांनी! सात वेळा आमदार झालेला, मंत्रिपद भूषवलेला माणूस १९२ मतांनी घरी बसला. आपल्या एखाद्या मोठ्या गटातले सभासद मोजले तरी याहून जास्त भरतील.

पडल्यावर माणूस काय करतो, हे आम्हाला निवडून येण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. पडल्यावर पक्ष बदलणारे आपण पुष्कळ पाहिले. आबांनी पक्ष सोडला नाही, तालुकाही सोडला नाही. १९९९ ला लोकांनी त्यांना पुन्हा मुंबईला धाडले, आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. त्याआधी १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळातही ते मंत्री होते. तरी एस. टी. ने प्रवास करणारा आमदार हीच त्यांची ओळख शेवटपर्यंत राहिली.

सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. अशा ठिकाणी आबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. पाण्यासाठी १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. त्यात वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा हे दोन म्हातारे पुढे असत. कृष्णेचे पाणी टेंभू, म्हैसाळ योजनांतून दुष्काळी शिवारात यावे, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. आपण उसाला पाट सोडतो तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे, की वरच्या अंगाला कुणीतरी त्याच नदीच्या वाट्यासाठी उन्हात बसले होते.

२०१९ ला वयोमानामुळे आबा उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबांचे निधन झाले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच तिथून निवडून आले. एकाच तालुक्यात १९२ आणि ७६८! एका मताने काय होते, याचे उत्तर यात आले.

आता आपल्याकडे वळू. विधानसभेला लाखावर मतदार असतात, आपल्या कारखान्याला काही हजार सभासद. म्हणजे इथे एका मताचे वजन किती तरी जास्त. शिवाय सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. शंभर एकरवाल्याला एक आणि वीस गुंठेवाल्यालाही एकच. हा हक्क कायद्याने दिला आहे, तो चहाच्या कपावर घालवायचा नाही. वार्षिक सभेला यावे, अहवाल घरून वाचून यावे, उतारा आणि दर यांचा हिशेब उभे राहून विचारावा. उत्तर पटले नाही तर मतपेटी आहेच.

आबांना सांगोल्याने अकरा वेळा निवडले, हे खरे. त्याच सांगोल्याने त्यांना दोन वेळा घरीही बसवले. दोन्ही गोष्टी मताने झाल्या. निवडून आलेल्यानेही हे विसरू नये आणि निवडून देणाऱ्यानेही.

काट्यावरच्या त्या सभासदांना आमचे एवढेच सांगणे आहे, की दादा, पुढच्या खेपेला मत टाकायला या. गाडीचा नंबर आम्ही धरून ठेवू!