फीडचे आरोग्य आणि ग्रंथाची ओळख : जाहिरात-सूचींतील मराठी पुस्तकांच्या नोंदी

संहिता, आवृत्ती आणि अनुवाद या संकल्पनांचा ऊहापोह तौलनिक साहित्याभ्यासात सातत्याने होत असतो. मात्र एखादी संहिता कोणत्या नोंदीच्या आधारे वाचकापर्यंत पोहोचते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दिल्ली वा हैदराबादसारख्या महाराष्ट्राबाहेरील शहरांत राहणारा मराठी वाचक पुस्तकाचा शोध पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावरच घेतो. तेथील जाहिरातीत त्याला पुस्तक दिसते, ते विक्रेत्याने जाहिरात-मंचाला पुरविलेल्या यंत्रवाचनीय वस्तुसूचीमुळे. या सूचीस 'फीड' असे म्हणतात. तिचे आरोग्य कसे तपासले जाते आणि त्या तपासणीच्या मर्यादा कोणत्या, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. औपचारिक तपासणी

फीडमधील प्रत्येक नोंद ही एका विक्रीयोग्य वस्तूची असते. गूगल मर्चंट सेंटरच्या नियमांनुसार तीत ओळख-क्रमांक, शीर्षक, वर्णन, दुवा, चित्र, किंमत आणि उपलब्धता ही माहिती द्यावी लागते. शीर्षकाला १५० आणि वर्णनाला ५००० चिन्हांची मर्यादा असते. फीडमधील किंमत आणि विक्रेत्याच्या पृष्ठावरील किंमत यांत तफावत आढळल्यास नोंद नाकारली जाऊ शकते. ३० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास ती कालबाह्य ठरते. हे दोष यंत्राला सापडतात, कारण ते आकाराचे वा विसंगतीचे दोष आहेत.

पुस्तकाच्या बाबतीत ओळखीचा मुख्य आधार म्हणजे आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला. भारतीय प्रकाशनांचे क्रमांक ९७८-८१ वा ९७८-९३ ने आरंभ होतात. अंकांना डावीकडून क्रमाने १ आणि ३ ने गुणून येणाऱ्या बेरजेला १० ने नि:शेष भाग गेला पाहिजे, अशी त्याची रचना असल्याने एखादा अंक चुकला तर चूक हमखास उघड होते. परंतु शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, उदाहरणार्थ २ आणि ७, तर चुकीचा क्रमांकही तपासणीत उत्तीर्ण होतो. एका पुस्तकाच्या नोंदीत दुसऱ्याच पुस्तकाचा क्रमांक पडला, तर गणिताच्या दृष्टीने दोष उरतच नाही.

२. लिपीचे प्रश्न

मराठीच्या संदर्भात आणखी एक स्तर लक्षात घ्यावा लागतो. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेल्या मजकुरातून शीर्षक उचलले, तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन मालिका फीडमध्ये येते. तिचे संकेतन निर्दोष असल्याने यंत्र ती स्वीकारते. याहून सूक्ष्म अडचण समरूप दिसणाऱ्या शब्दांची आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन भिन्न चिन्हक्रमांनी लिहिता येतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. तत्पूर्वी ते 'अ'ला अर्धचंद्र जोडून लिहिले जाई, आणि आजही तसे लिहिलेले आढळते. डोळ्यांना हे भेद दिसत नाहीत. परंतु विशेष व्यवस्था केली नसेल, तर यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे शब्द ठरतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही या जोड्या एक करीत नाही.

३. अनुवादाचे नाते

सर्वांत गंभीर हानी याहून वेगळ्या ठिकाणी होते. ग्रंथव्यवसायासाठी २००० साली आलेल्या ओनिक्स या मानकात लेखकासाठी ए०१ आणि अनुवादकासाठी बी०६ असे वेगळे संकेत आहेत. संहितेची भाषा आणि अनुवादाची मूळ भाषा यांचीही पृथक् नोंद करता येते. सर्वसाधारण जाहिरात-फीड मात्र पुस्तकाकडे इतर कोणत्याही वस्तूप्रमाणेच पाहते. मर्चंट सेंटरच्या आवश्यक माहितीत लेखक वा अनुवादक यांना स्वतंत्र रकाना नाही. ओनिक्समधून फीड तयार करताना ही माहिती जाणीवपूर्वक शीर्षकात वा वर्णनात घातली नाही, तर ती गळून पडते.

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला. इंग्रजी पुस्तकाच्या नोंदीत केवळ अनुवादकाचे नाव राहिले, असे क्षणभर गृहीत धरू. ती नोंद सर्व यंत्रपरीक्षांत निरोगी ठरेल; परंतु वाचकाला मराठी मूळ कृतीकडे जाण्याची वाट उरणार नाही. दलित आत्मकथनांच्या परंपरेतील एका महत्त्वाच्या ग्रंथाचा लेखकच त्या नोंदीतून पुसला जाईल.

४. निष्कर्ष

तात्पर्य, फीडचे आरोग्य दुहेरी आहे. नोंद नियमांत बसते किंवा नाही, हे यंत्र सांगू शकते. ती कोणत्या ग्रंथाविषयी सत्य सांगते, हे ग्रंथ हाती घेऊनच ठरवावे लागते. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखिते पडताळतो, त्याच शिस्तीने फीडमधील काही नोंदी ग्रंथाच्या मुखपृष्ठाशी व श्रेयपृष्ठाशी ताडून पाहाव्यात. शीर्षकाची लिपी, आयएसबीएन, आवृत्ती, लेखक, अनुवादक आणि मूळ भाषा, एवढ्या सहा बाबी त्यासाठी पुरेशा आहेत. हे काम तांत्रिक म्हणून प्रकाशकांवर सोपवून आपण मोकळे झालो, तर उद्याच्या वाचकाला उपलब्ध होणाऱ्या साहित्याचा नकाशा अपुरा राहील, आणि त्या उणिवेची नोंदही कोठे असणार नाही.