इंजिनाभोवतीचे कवच आणि दहा वर्षांची दुरुस्ती

विमानात पंखाजवळची खिडकी मिळाली, की बाहेर पाहताना नजर आधी त्या भल्यामोठ्या, गुळगुळीत पिंपासारख्या भागावर जाते. आपण त्यालाच इंजिन म्हणतो. प्रत्यक्षात आपल्याला दिसते ते इंजिनाचे आवरण. इंजिन त्याच्या आत असते. हे आवरण वाऱ्याला वाट करून देते, आतल्या यंत्राचे ऊन-पावसापासून रक्षण करते आणि विमान जमिनीवर असताना तंत्रज्ञांना ते उघडून तेल तपासता येते, देखभाल करता येते. एवढ्यासाठीच ते आहे, असे प्रवाशांना वाटणे स्वाभाविक आहे. पण हेच आवरण तुटून माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे १७ एप्रिल २०१८ रोजी जगाला कळले.

त्या दिवशी साउथवेस्ट एअरलाइन्सचे १३८० क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून डॅलसला निघाले होते. विमान बोइंग ७३७-७००. आत १४४ प्रवासी आणि ५ कर्मचारी. विमान सुमारे ३२ हजार फुटांवर असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते मुळाशी मोडले. त्या धक्क्याने इंजिनाचे आवरण फुटले आणि त्याचा एक तुकडा चौदाव्या रांगेतील खिडकीवर आदळला. खिडकी निखळली, केबिनमधला हवेचा दाब क्षणात उतरला आणि खिडकीजवळ बसलेली एक महिला अर्धी बाहेर ओढली गेली. कर्मचारी आणि सहप्रवाशांनी तिला आत खेचले, छाती दाबून श्वास परत आणण्याचा प्रयत्न केला. पण ती वाचली नाही. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स आणि त्यांच्या सहवैमानिकाने एका इंजिनावर विमान फिलाडेल्फियाला उतरवले. पाते मोडल्यापासून चाके जमिनीला टेकेपर्यंत साधारण १७ मिनिटे गेली. बाकीचे सारे १४८ जण वाचले.

पाते का मोडले?

या विमानाला सीएफएम ५६-७बी जातीचे इंजिन असते. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे पाच फूट असून त्याला टायटॅनियम मिश्रधातूची २४ पाती असतात. उड्डाणाच्या वेळी हा पंखा मिनिटाला सुमारे पाच हजार फेरे घेतो. पात्याच्या टोकाचा वेग तेव्हा ध्वनीच्या वेगाहून जास्त असतो आणि प्रत्येक पाते आपल्या खोबणीतून बाहेर निसटू पाहत असते. तो ताण कित्येक टनांचा असतो.

इंजिन सुरू झाले की हा ताण चढतो, बंद झाले की उतरतो. एक उड्डाण म्हणजे ताणाची एक आवर्तने. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. धातूही असाच थकतो. मोडलेल्या त्या पात्याने ३२ हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. खोबणीत बसणाऱ्या त्याच्या मुळाशी बारीक चीर पडली होती आणि ती दर उड्डाणागणिक केसाकेसाने वाढत गेली. २०१२ मध्ये या पात्याची तपासणी झाली होती. त्या पद्धतीत पृष्ठभागावर चकाकणारा द्रव लावून अतिनील प्रकाशात चीर शोधतात. ती चीर बहुधा तेव्हाच होती, पण नजरेतून सुटली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, काढला.

पाते अडले, तरी कवच फुटले

पाते मोडणे ही अकल्पित गोष्ट नाही. विमान-अभियांत्रिकीत ती गृहीतच धरलेली असते. म्हणून पंख्याभोवती धातूचे एक जाड कडे असते. त्याला फॅन केस म्हणतात. नव्या इंजिनाला परवाना देण्यापूर्वी ते चाचणीच्या चौकटीवर पूर्ण वेगाने चालवतात आणि मुद्दाम एक पाते तोडतात. इंजिनाने त्यातून झालेली मोडतोड स्वतःच्या पोटात ठेवली पाहिजे, पेट घेता कामा नये आणि किमान १५ सेकंद विमानाला धरून राहिले पाहिजे, अशी नियमाची अट असते. सीएफएम ५६-७बीने ही परीक्षा दिली होती.

फिलाडेल्फियाच्या विमानातही फॅन केसने आपले काम केले. पाते त्याला भेदून बाहेर गेले नाही. मग आवरण का फुटले? फॅन केसच्या बाहेर पातळ, हलके असे फॅन काउल असते. त्याचे दोन भाग इंजिनाला कवटाळून खाली, तळाशी, कड्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात. पाते फॅन केसवर आदळले ते नेमके घड्याळातल्या सहाच्या काट्याच्या जागी, म्हणजे तळाशी. तिथेच काउलला फॅन केसशी जोडणारा एक भाग आहे. आदळण्याच्या जोराने फॅन केस क्षणभर वाकले, तो जोर या जोडणीतून काउलमध्ये गेला आणि काउलच्या चिंधड्या झाल्या. पाते दुसऱ्या जागी आदळले असते, तर कदाचित एवढे घडले नसते.

या ठिकाणी अपघाताचे खरे मर्म आहे. इंजिन एक कंपनी बनवते, तिची परीक्षा वेगळी. आवरण हा विमानाचा भाग, त्याचा परवाना विमानाबरोबर मिळतो. या पिढीच्या ७३७ विमानांना १९९७ पासून परवाने मिळू लागले, तेव्हा पाते नेमके कुठे आदळले तर काउलला सर्वाधिक धोका होईल, हे दाखवणारी आजची संगणकीय साधने हाताशी नव्हती. कडे मजबूत होते, काउलही आपल्या नेहमीच्या कामापुरते मजबूत होते. दोन्ही कागदावर उत्तीर्ण होते. कच्चा दुवा होता तो त्यांच्या जोडावर, आणि जोडाची परीक्षा कोणीच पुरेशी घेतली नव्हती.

याची पूर्वसूचना मिळाली नव्हती असेही नाही. २७ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या विमानाचे पाते फ्लोरिडाजवळ मोडले होते. तेव्हा इंजिनाच्या तोंडावरचे गोल आवरण तुटून गेले, विमानाच्या अंगाला भोक पडले आणि केबिनचा दाब उतरला. विमान पेन्साकोलाला सुखरूप उतरले. कोणालाही इजा झाली नाही.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर

अपघातानंतरचा पहिला उपाय तातडीचा होता. तीनच दिवसांत, २० एप्रिल २०१८ रोजी, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, आणीबाणीचा आदेश काढला. ३० हजारांहून अधिक उड्डाणे झालेल्या इंजिनांच्या प्रत्येक पात्याची २० दिवसांत श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी करायची, असा तो आदेश होता. पोटाची सोनोग्राफी जशी आतले दाखवते, तशीच ही धातूची सोनोग्राफी. डोळ्यांना न दिसणारी चीर ध्वनिलहरी परत पाठवते. पुढे कमी वापर झालेल्या इंजिनांनाही ही तपासणी लागू झाली आणि ठरावीक उड्डाणांनंतर ती पुन्हा पुन्हा करणे भाग पडले.

दुसरा उपाय मुळावरचा आणि म्हणून वेळखाऊ आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एनटीएसबीने शिफारस केली, की बोइंगने पाते आदळण्याच्या सर्वांत धोकादायक जागा शोधाव्यात, त्यानुसार फॅन काउलची रचना बदलावी आणि हा बदल नव्या विमानांबरोबरच उडत असलेल्या जुन्या विमानांतही करावा. त्याच दिशेने डिसेंबर २०२३ मध्ये एफएएने प्रस्तावित आदेश प्रसिद्ध केले. इंजिनाच्या आवरणातील ठरावीक बोल्ट आणि इतर भाग बदलायचे, आणि हे काम जुलै २०२८ अखेरपर्यंत पुरे करायचे, असे त्यात म्हटले आहे. एकट्या अमेरिकेत नोंदलेली अशी विमाने जवळपास दोन हजार आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. विमानात सुधारणा सुचली की निर्माता कंपन्यांना पत्रक पाठवते. ते पत्रक म्हणजे सल्ला, तो मानायचा की नाही हे बहुतेक वेळा विमान कंपनी ठरवते. नियामकाने ‘उड्डाणयोग्यता आदेश’ काढला की तो कायदा होतो. ठरलेल्या मुदतीत तो बदल झाला नाही, तर ते विमान उडवता येत नाही. त्यामुळे असा आदेश काढण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून कंपन्या, वैमानिक, अभियंते अशा सर्वांची मते मागवली जातात.

दहा वर्षे कशासाठी?

एका आवरणाच्या दुरुस्तीला २०१८ ते २०२८ इतका काळ का लागावा, असा प्रश्न कुणालाही पडेल. आवरण जाड पत्र्याचे केले की झाले, असे वाटते. पण इंजिन पंखाखाली टांगलेले असते. वजन वाढले की पंखावरचा आणि जोडणीवरचा ताण वाढतो. शिवाय एका जागी ताकद वाढवली, की धक्का दुसऱ्या कमकुवत जागेकडे सरकतो. म्हणून धक्क्याची वाट कुठून जाते ते आधी गणिताने शोधावे लागते, नवा भाग घडवावा लागतो, तो तपासून मंजूर करून घ्यावा लागतो आणि मग जगभरच्या हजारो विमानांसाठी तो तयार करावा लागतो.

ही कारणे खरी आहेत. तरी त्यांच्या आड उशीर लपू नये. मधल्या काळात प्रवाशाचे रक्षण केवळ तपासणीवर अवलंबून असते, आणि तपासणीतून चीर सुटू शकते हे २०१२ च्या त्या पात्यानेच दाखवले आहे. पाते मोडू नये ही पहिली भिंत, मोडलेच तर कवच फुटू नये ही दुसरी. दुसरी भिंत बांधून होईपर्यंत पहिलीवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावाच लागतो.

काम वेगाने होऊ शकते, याचाही दाखला आहे. २० फेब्रुवारी २०२१ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानाचे पाते डेन्व्हरजवळ मोडले आणि आवरणाचे अवजड कडे एका घरासमोर येऊन पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. हे इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचे, पण कथा तीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये होनोलुलूला जाणाऱ्या अशाच विमानाचे आवरणही गळून पडले होते. डेन्व्हरनंतर त्या इंजिनांची विमाने जमिनीवर उभी राहिली आणि आवरण बळकट करणे, पाती कसून तपासणे असे आदेश मार्च २०२२ मध्ये, म्हणजे वर्षाहून थोड्या अधिक काळात, निघाले. अर्थात ती विमाने संख्येने थोडी होती. ७३७ची ही पिढी हजारोंच्या घरात आहे आणि ती सारी उभी करणे म्हणजे जगाची निम्मी धावपळ थांबवण्यासारखे.

आपल्याशी संबंध काय?

आपल्याकडे एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्पाइसजेट यांच्या ताफ्यांत या पिढीची ७३७ विमाने आहेत. ज्या देशात विमानाची रचना झाली, तिथल्या नियामकाचा उड्डाणयोग्यता आदेश भारतात नोंदलेल्या त्या विमानांनाही पाळावा लागतो आणि त्यावर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठेवते. ७३७ मॅक्स विमानांचे इंजिन वेगळे आहे. त्याची १८ पाती कार्बनच्या धाग्यांनी विणलेली असतात. पण आवरणाचा प्रश्न तिथेही वेगळ्या रूपात आला. कोरड्या हवेत बर्फरोधक गरम यंत्रणा पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नये, असा आदेश एफएएने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला, कारण त्या उष्णतेने इंजिनाच्या तोंडावरचे आवरण कमकुवत होऊन तुटण्याची भीती होती.

प्रवासी म्हणून आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. ३२ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव भाग असतो. दाब अचानक उतरला, तर भान शाबूत राहण्यास साधारण एक मिनिट किंवा त्याहून कमी वेळ मिळतो. गंमत म्हणजे प्राणवायू कमी पडतोय हे मेंदूला जाणवत नाही, उलट क्षणभर छानच वाटते. म्हणून वरून मास्क पडला की तो आधी स्वतः लावायचा, मग शेजारच्या मुलाला लावायचा. तो नाक आणि तोंड दोन्हींवर बसला पाहिजे. साउथवेस्टच्या विमानात काढलेल्या छायाचित्रांत अनेकांनी तो केवळ तोंडावर धरलेला दिसतो. नाकाने श्वास घेणाऱ्याला अशा मास्कचा उपयोग नाही. तो प्राणवायू दहा-पंधरा मिनिटेच पुरतो. तेवढ्यात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. पट्टा बांधण्याची खूण विझली की आपण तो सोडतो, पण बसलेले असताना तो सैलसर का होईना, बांधून ठेवण्यात कसलाही त्रास नाही.

बाकीचे काम आपल्या हाती नाही. ते हॅंगरमध्ये, रात्रीच्या दिव्याखाली, काउल उघडून बोल्ट बदलणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती आहे. त्याच्या हातातले कामाचे पत्रक एका प्रवासी महिलेच्या मृत्यूनंतर लिहिले गेले. त्यावरची प्रत्येक ओळ मुदतीत पुरी झाली की नाही, हे विचारण्याचा हक्क मात्र तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.