पायाचे माप आणि डोंगराची वाट

मॉरिशसच्या डोंगरांची उंची ऐकून कोणाच्या छातीत धडकी भरेल असे नाही. सर्वांत उंच असा पितों द ला पेतीत रिव्हिएर न्वार 828 मीटरांचा, पीटर बोथ 820 चा, आणि पोर्ट लुईच्या पाठीशी अंगठा उभारल्यासारखा दिसणारा ल पूस 812 चा. 1836 साली चार्ल्स डार्विन ह्या बेटावर आला असता तो ल पूसवर चढून गेला होता; आज रविवारी शाळकरी मुलेही सकाळी त्यावर जातात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात. ज्यांचे पूर्वज सह्याद्रीच्या कुशीतून आले, त्यांनी ह्या टेकड्यांची क्षिती ती काय बाळगावी, असे म्हणणारेही भेटतात. परंतु आमचे डोंगर उंचीने फसवीत नाहीत, ते ओलाव्याने फसवितात. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाकाठी हजार मिलिमीटरांच्या आत पाऊस, तर मधल्या पठारावर काही ठिकाणी चार हजारांपर्यंत! काळ्या कातळावर तांबड्या चिकणमातीचा थर, त्यावर शेवाळ आणि झाडांची उघडी मुळे. कोकणातला श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र नवे नाही. फरक इतकाच, की प्लेन शांपाइनच्या रानात श्रावण वर्षातून अनेकदा येतो.

अशा वाटेवर आपली मंडळी काय घालून जातात, ते थंडीच्या दिवसांत चिनी पेरू तोडावयास निघालेल्या कुटुंबांकडे पाहिले म्हणजे कळते. आजोबांच्या पायांत सवात, वडिलांच्या पायांत कचेरीचे जुने बूट, मुलांच्या पायांत शाळेच्या व्यायामाचे कापडी जोडे. चढताना हे सर्व खपून जाते. उतरताना कोणी घसरते, कोणाच्या अंगठ्याचे नख काळे पडते, कोणाची टाच सोलवटून निघते, आणि पुढचा महिनाभर डोंगराचे नाव निघत नाही. चांगले बूट फार महाग, असे उत्तर मग ठरलेले असते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण बुटांच्या किमतीत आपण नेमके कशाचे पैसे मोजतो हे समजून घेतले, तर मध्यम कमाईच्या घरालाही परवडेल असा उत्तम जोड मिळू शकतो, असे माझे मत आहे.

दुकानात गेल्यावर आपले लक्ष प्रथम जाते ते खोक्यावरील ‘वॉटरप्रूफ’ ह्या शब्दाकडे, मग रंगाकडे, मग किमतीकडे; माप सर्वांत शेवटी, तेही ‘मला बेचाळीस लागतो’ एवढ्या एका वाक्यात उरकते. हा क्रम उलटा करावयास हवा. आधी माप, मग तळ, आणि पाणी अडविण्याचा विचार त्यानंतर.

बेचाळीस म्हणजे काय, हे तरी कितीजणांना ठाऊक असते? युरोपीय मापातील एक अंक म्हणजे सेंटिमीटराचा दोन-तृतीयांश भाग. बेचाळीसला दोन-तृतीयांशाने गुणले म्हणजे 28 सेंटिमीटर येतात. परंतु ही लांबी पायाची नव्हे, तर ज्या साच्यावर, म्हणजे कलबुतावर, बूट घडविला त्याची. पाय त्याहून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूड असावा लागतो. इंग्रजी मापातील एक अंक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. (आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल मानीत, धान्याच्या दाण्याने जग मोजण्याची हौस सर्वत्र सारखीच दिसते.) सांगण्याचा मुद्दा असा, की प्रत्येक कारखान्याचे कलबूत वेगळे असल्यामुळे एकाचा बेचाळीस दुसऱ्याच्या त्रेचाळीसाएवढा भरू शकतो. अंकावर विश्वास न ठेवता पायावर ठेवावा.

पाय सकाळपेक्षा संध्याकाळी किंचित फुगलेला असतो, आणि डोंगरावर चार तास चालल्यावर त्याहूनही अधिक. म्हणून बूट घेण्यास दिवस कलल्यावर जावे, आणि डोंगरावर जे पायमोजे घालावयाचे तेच घालून जावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच तंतोतंत सारखे असतात. मोठ्या पायाला बूट बसवावा. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत. टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. आतला सुटा तळ, ज्याला चांभार सुखतळा म्हणतात, तो बाहेर काढून त्यावर उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे, आणि चवड्याचा भाग कडेने बाहेर ओघळता कामा नये.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. जे लोक जन्मभर अनवाणी वा उघड्या चपलांत वावरतात, त्यांचा चवडा रुंद राहतो. 2009 साली बेल्जियममधील संशोधकांनी भारतातील अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजून हेच दाखविले. घरी-दारी सवात घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना अरुंद साच्याचे बूट चावतात, आणि मग दुकानदार एक अंक वाढवून देतो. त्याने लांबी वाढते, टाच मात्र आत खेळू लागते आणि फोड येतात. रुंद पायाला लांब बूट हा उपाय नव्हे; रुंद साच्याचा बूट मागावा, आणि नसल्यास दुसरे दुकान पाहावे. पुरुषांच्या बुटांचे साचे साधारणतः रुंद असतात, तेव्हा रुंद पायाच्या बायकांनी तेही घालून पाहण्यास संकोचू नये.

नाड्या बांधल्यावर दुकानातल्या दुकानात पाच पावले टाकून भागत नाही. जिना असेल तर त्यावरून दहा वेळा उतरावे. उतारावर बोटे पुढच्या टोकाला लागली, तर तो बूट कितीही सुंदर असो, परत ठेवावा. ल पूसच्या उतरणीवर ते टोक नखावर शेकडो वेळा आदळणार असते. चढताना टाच थोडीशी उचलली गेली तर चालते, पण बोटभर उचलली जाऊ नये. ‘वापरून सैल होईल’ ह्या आश्वासनाकडे दुर्लक्ष करावे. चामडे थोडेफार सैलावते. कृत्रिम कापड जवळजवळ नाहीच.

येथे एका गंभीर गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. आपल्या बेटावर दर पाच प्रौढांत सुमारे एकाला मधुमेह आहे. हा रोग फार वर्षांचा झाला म्हणजे पायांच्या नसा बधिर होत जातात. खडा टोचला तरी कळत नाही, फोड फुटला तरी दुखत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जखम लवकर भरत नाही. पाय कापण्याची पाळी अनेकदा अशा एका क्षुल्लक फोडापासूनच येते. त्यातली आणखी एक खोच अशी, की बधिर पायाला घट्ट बूट घट्ट जाणवत नाही आणि योग्य बूट मोठा भासतो. घट्ट दाबला तेव्हाच तो ‘बसला’ असे वाटते. म्हणजे जो मनुष्य पायाला काय वाटते ह्यावर निवड करील, तो नेमका चुकीचा जोड घेईल!

अशांनी डोळ्यांनी मोजावे. जाड पुठ्ठ्यावर उभे राहून पायाची कड पेन्सिलीने आखून घ्यावी, ती आकृती कापावी आणि दुकानात नेऊन बुटात सरकवावी. पुठ्ठा कोठे दुमडला तर पायही तेथे दबणार. बूट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा किंवा वर आलेली शिवण तपासावी. नवा जोड पहिल्या दिवशी तासाभराहून अधिक घालू नये, आणि काढल्याबरोबर तळवा आरशात पाहावा. पायाची संवेदना शाबूत आहे की नाही, हे दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाच्या एका नायलॉनच्या तंतूने दोन मिनिटांत तपासता येते. डोंगराचा बेत आखण्यापूर्वी मधुमेही माणसाने ती तपासणी अवश्य करून घ्यावी. म्हाताऱ्यांना घरी बसवून ठेवावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. चालणे हे त्यांचे औषधच आहे, आणि ते औषध घ्यावयाचे तर पाय जपले पाहिजेत.

आता तळ. 1935 साली इटलीच्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, त्यात त्यांचे अपुरे पादत्राण हेही एक कारण होते. त्या तुकडीबरोबर गेलेल्या व्हिताले ब्रामानी ह्या मिलानी गृहस्थाने पुढे दोन वर्षांनी रबराचा खोल दात्यांचा तळ तयार केला. व्हिब्राम हे नाव त्याच्याच नावावरून पडले. आज खाचाखाचांचे बहुतेक तळ ह्याच कुळातले आहेत. आपल्या चिकणमातीसाठी दाते खोल आणि एकमेकांपासून दूर हवेत. जवळजवळ असले की मध्ये माती बसते आणि तळ लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. ओल्या कातळासाठी रबर मऊ हवे. नखाने दाबून ते जरा दबले तर चांगले; कडक, चकचकीत तळ बाजारातल्या फरसबंदीवरही घसरतो. महाराष्ट्रात किल्ले चढणाऱ्या तरुणांत ॲक्शन कंपनीच्या साध्या ट्रेकिंग बुटांचा बोलबाला आहे, तो त्यांच्या रुपापेक्षा कातळावर धरणाऱ्या तळामुळे. स्वस्त आणि निकृष्ट हे दोन शब्द समानार्थी नाहीत, ह्याचे ते बोलके उदाहरण होय.

पाणी अडविण्याच्या बाबतीत मात्र जाहिरातींनी आपला फार गोंधळ उडवून दिला आहे. 1969 साली अमेरिकेत रॉबर्ट गोर ह्यांनी एक विशिष्ट प्लास्टिक झटक्याने ताणून त्याचे सच्छिद्र पटल बनविले. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म, की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. महाग बुटांत असे पटल अस्तराला जोडलेले असते. युक्ती मोठी नामी आहे. परंतु वाफ बाहेर जावयाची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. जुलैत क्युरपीपच्या गार वाऱ्यात हे साधते. फेब्रुवारीच्या दमट उकाड्यात वाफ जाणार कोठे? पाय पावसाने नव्हे तर स्वतःच्याच घामाने भिजतो. शिवाय ओढा घोट्यावरून वाहत असला की पाणी वरून आत येते, आणि जे पटल पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. मग बुटाची घागर होते.

तेव्हा हिवाळ्यात पेत्रँ, माकाबे किंवा प्लेन शांपाइनच्या ओल्या गवतात वारंवार जाणाऱ्याने जलरोधक बूट जरूर घ्यावा. स्वस्त हवा असेल तर मेण चोळलेल्या चामड्याचाही चालेल. त्याची जीभ दोन्ही कडांना शिवलेली आहे ना, एवढे पाहावे, नाहीतर पाणी तेथूनच झिरपते. जो वर्षातून सहा-आठ वेळा, तेही बहुधा सुट्टीच्या उन्हाळ्यात जातो, त्याने पटलाचे पैसे वाचवून जाळीदार, लवकर वाळणारा, चांगल्या तळाचा जोड घ्यावा आणि लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे पायमोजे दोन जोड बरोबर ठेवावेत. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात. एकच जोड परवडत असेल, तर माझा कौल ह्या दुसऱ्या प्रकाराला आहे. घोट्याच्या वर येणारा बूट घेतला म्हणजे पाय मुरगळत नाही, ह्या समजुतीवर फार विसंबू नये. चिखल आणि खडे मात्र तो नक्की बाहेर ठेवतो. आणि महाशिवरात्रीस गंगा तलावाकडे पायी जाणाऱ्यांनी हे जड बूट घेऊच नयेत. ती वाट डांबरी रस्त्याची आहे. तेथे हलके, मऊ तळाचे जोडे बरे.

सवलतीच्या विक्रीत स्वस्त बूट दिसला तर एक गोष्ट तपासावी. अनेक बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते, आणि दमट हवेत ते वापराविनाही हळूहळू कुजते. पाच-दहा वर्षे गोदामात पडलेला जोड बाहेरून कोरा दिसतो आणि पहिल्याच सहलीत तळ गळून पडतो. तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबावे. बारीक भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर जोड फुकट मिळाला तरी घेऊ नये. दुसऱ्याने वापरलेले बूट घेतानाही हीच परीक्षा करावी, आणि टाचेचा झिजलेला कोन पाहावा, कारण मागच्या मालकाची चाल त्यात बसलेली असते.

सहलीहून आल्यावर चिखल ओला असतानाच धुवावा, सुखतळा बाहेर काढावा आणि बुटात जुनी वर्तमानपत्रे कोंबावीत. कागद भिजला की बदलावा. चुलीपाशी किंवा भर उन्हात ठेवू नये, त्याने चामडे तडकते आणि तळाचा डिंक सुटतो. क्युरपीप-व्हाकोआकडच्या घरांत जुलैमध्ये जोड वाळण्यास दोन-तीन दिवस सहज लागतात, म्हणून सलग दोन दिवसांच्या सहली त्या भागातील मंडळींनी टाळाव्यात. बंद खोक्यात ठेवण्यापेक्षा हवेशीर फळीवर ठेवलेले बरे. थंडीचा मोसम सुरू होण्यापूर्वी ते खाली काढून तळ पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहावा, जुन्या नाड्या बदलाव्यात, आणि पहिल्या रविवारी एकदम डोंगराला न भिडता त्रू ओ सेर्फच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याला दोन फेऱ्या घालून घ्याव्यात.