काळ्या फोटोतले कादंब

कुंभारगावच्या काठावरून होडी निघाली तेव्हा उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. सूर्य वर आला आणि नेमकी त्याच्यासमोरून १७ पक्ष्यांची बाणासारखी रांग गेली. २२ फोटो मिळाले, सगळे काळपट. “पट्टकादंबच असणार,” होडीवाले दादा म्हणाले. त्यांची नजर पक्की आहे. पण नोंदीत ‘असणार’ लिहिता येत नाही.

घरी आधी हे कादंबच आहेत ना, ते पाहिलं. पाणकावळेही अशाच रांगेत उडतात, मात्र त्यांची शेपटी लांब असते आणि ते मध्येच पंख न हलवता तरंगतात. चक्रवाकाच्या पंखाचा पुढचा भाग पांढराशुभ्र असतो, तो लपत नाही.

म्हणजे कादंबच. मग पट्टकादंब की त्याच्यासारखाच दिसणारा कलहंस, हे ठरवायला सावल्या उजळल्या. इथे घाई नडते. उजेड फार वाढवला की कडांना खोटी पांढरी किनार येते आणि डोक्यावर पट्टकादंबाचे दोन काळे पट्टे असल्याचा भास होतो. शिवाय पहिल्या वर्षाच्या पिल्लांना ते पट्टे नसतातच. कोवळ्या उन्हात कलहंसाचे गुलाबी पाय नारिंगी वाटतात, पट्टकादंबाचे मुळातच नारिंगी-पिवळे. म्हणून मी रंग शेवटी पाहतो, आधी पंखावर फिकं कुठे संपतं आणि गडद कुठे सुरू होतं ते. कलहंसाच्या पंखाची पुढची बाजू फिकट राखाडी, पाठ मात्र तपकिरी. पट्टकादंबाचा फिकेपणा पुढच्या बाजूला थांबत नाही, पाठीवरही पसरतो. काळी असतात ती मागची उड्डाणपिसं. मानही बोलकी. कलहंसाची सगळी एकसारखी, पट्टकादंबाची गडद आणि बाजूने पांढरी उभी रेघ असलेली.

या सगळ्या खुणा एका फोटोत क्वचितच दिसतात. नवव्या फोटोत पंख वर होता, त्याची खालची बाजू दिसली. दहाव्यात तोच पंख खाली आला आणि वरची बाजू उघडी पडली. असा एकेक पक्षी पुढच्या-मागच्या फोटोंतून शोधत गेलो. रात्रीपर्यंत १६ पट्टकादंब ठरले. शेवटचा अंगाने जड, चोच जाड, मानेवर रेघ नाही. कलहंस लिहायचा मोह झाला, पण त्याचा पंख एकाही फोटोत नीट उघडलेला नव्हता. ‘कादंब, जात अनिश्चित’ असंच लिहिलं.

मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. तशा पट्टीवरचा आकडा कदाचित तुमच्याच एखाद्या धूसर फोटोत असेल. काळे आले म्हणून फोटो पुसू नका, अख्खी मालिका जपून ठेवा.